सुधारणेचा फळा ओस पडला आहे. दोष फळ्याचा, माणसांचा की माझा?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी चाकण औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात काम करते. आम्ही पत्र्याचे ब्रॅकेट बनवतो आणि ते वाहन कंपन्यांना पुरवतो. अकरा महिन्यांपूर्वी परचेस, स्टोअर, पीपीसी (उत्पादनाचे नियोजन आणि नियंत्रण) आणि डिस्पॅच हे चारही विभाग माझ्या हाताखाली आले. त्याआधी ते चार वेगळ्या साहेबांकडे होते, आणि त्या चौघांचे आपसात किती जमत असे हे आपल्यापैकी अनेकांना सांगण्याची गरज नाही.

सूत्रे हाती घेतल्यावर मी पहिले काम केले ते कायझेनचा, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या लहानसहान सुधारणांच्या कार्डांचा, फळा लावण्याचे. पहिल्या दोन महिन्यांत त्यावर एकशे चाळीस कार्डे लागली आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. आता महिन्याला तीन कार्डे येतात, तीही आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी, सुपरवायझरने कोणाला तरी बसवून लिहून घेतलेली. या काळात साठा कमी होण्याऐवजी वाढला, ग्राहकाकडे वेळेवर माल पोहोचण्याचे प्रमाण होते तिथेच राहिले आणि ऐनवेळी पाठवाव्या लागणाऱ्या स्पेशल गाड्यांचा खर्च मात्र दर तिमाहीला चढत गेला. आमचे संचालक बैठकीत पहिला प्रश्न विचारतात तो ‘या महिन्यात कायझेन किती झाले?’ हाच, आणि मी आकडा सांगते.

जुनी कार्डे मी गेल्या रविवारी घरी आणून वाचली. ट्रॉलीला रबरी चाके बसवा, बिनना (माल ठेवायच्या डब्यांना) रंग द्या, झाडूसाठी खुंटी ठोका, पंखा हलवा, अशा सूचना त्यांत भरपूर आहेत आणि त्यांतील बऱ्याच अमलातही आल्या. परंतु जे खरे दुखणे आहे, म्हणजे आठवड्यात तीनदा बदलणारे शेड्यूल, प्लेटिंगला (मुलामा द्यायला) गेलेल्या मालाचा न लागणारा पत्ता, स्टोअरमध्ये कागदावर असलेला आणि रॅकवर नसलेला माल, त्याबद्दल एकशे चाळीस कार्डांत एक अक्षर नाही. ही दुखणी लोकांना ठाऊक नाहीत असे म्हणता येणार नाही, कारण चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. चौथ्या महिन्यात सकाळच्या बैठकीत डिस्पॅचच्या एका सुपरवायझरांनी सर्वांसमोर सांगितले की, शुक्रवारची गाडी भरता येणार नाही, कारण पीपीसीने गुरुवारी संध्याकाळी प्लॅन बदलला आणि तो बदलताना कोणालाही विचारले नाही. त्या दिवशी ग्राहकाचे दोन फोन येऊन गेले होते. मी त्यांना म्हणाले, “मला कारणे नकोत, उपाय सांगा.” तेव्हा हे वाक्य मला फार नेतृत्वगुणी वाटले होते. त्या बैठकीनंतर ते गृहस्थ ‘होय मॅडम’ यापलीकडे माझ्याशी काही बोललेले नाहीत.

माझा प्रश्न असा आहे की, पुरवठा साखळीसारख्या अनेक विभागांत आणि अनेक कारखान्यांत पसरलेल्या कामात सातत्याने सुधारणा घडवायची असेल, तर प्रमुखाने नेमके काय करावे? बक्षिसे, पोस्टर आणि प्रशिक्षणवर्ग हे तिन्ही करून झाले आहे.

---

जुना_भांडारी

ताई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात स्वतःच लिहिले आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल मी लिहितो.

मी चौतीस वर्षे स्टोअरमध्ये काढली, आधी भोसरीत आणि नंतर पिंपरीत. नोकरीच्या पाचव्या की सहाव्या वर्षी वार्षिक मोजणीत एका बेअरिंगचा साठा कागदापेक्षा दोनशे नगांनी कमी निघाला. मी तो तसाच कळवला. साहेबांनी सर्वांसमोर माझी जी हजामत केली ती अजून आठवते. त्यानंतर आमच्या स्टोअरमध्ये मोजणीत एकही फरक निघाला नाही, सलग चार वर्षे. फरक होते, पण मोजणीच्या आदल्या रात्री आम्ही ते कागदावर जुळवत असू. साहेबांना त्या चार वर्षांसाठी पदक मिळाले आणि लाइन मात्र दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या नगासाठी थांबत राहिली.

टोयोटाच्या पद्धतीचा उल्लेख या विषयात टाळता येत नाही, पण तिची सुरुवात मोटारीपासून नव्हे तर मागापासून होते हे फार कमी वेळा सांगितले जाते. साकिची टोयोडा यांच्या कारखान्यात १९२४ साली तयार झालेल्या स्वयंचलित मागात धागा तुटला की माग आपोआप थांबत असे. तो थांबल्यामुळे खराब कापड पुढे जात नसे आणि एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकत असे. पुढे मोटारींच्या लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी आली, ती याच विचारातून. कामगाराने दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. इथे दोरीपेक्षा महत्त्वाचा आहे तो धावत येणारा माणूस. दोरी ओढल्यावर कोणी येत नसेल, किंवा आलेला माणूस डोळे वटारत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून ती दोरी कपडे वाळत घालायला बरी.

आपल्या डिस्पॅचच्या सुपरवायझरांनी त्या दिवशी दोरीच ओढली होती.

म्हणून माझा सल्ला असा की, नवीन कार्डे मागण्यापूर्वी जुन्या एकशे चाळीस कार्डांपैकी किती कार्डांना काहीही उत्तर मिळालेले नाही ते मोजावे. झाले किंवा नाही झाले हा मुद्दा नाही. ‘नाही’ हेही उत्तरच आहे, कारण दिले तर माणूस ते स्वीकारतो. ‘विचाराधीन’ हे मात्र उत्तर नव्हे. आमच्याकडे शेवटची सहा वर्षे एक साधा नियम होता: कार्ड लागल्यापासून तीन दिवसांच्या आत प्रमुखाने स्वतःच्या हाताने, शाईने, त्या कार्डाच्या मागे दोन ओळी लिहायच्या. टोयोटात सूचना योजना १९५१ पासून चालू आहे. इतकी वर्षे ती केवळ बक्षिसांवर टिकली असती असे मला वाटत नाही.

दुसरे असे की, त्या सुपरवायझरांची माफी मागावी, आणि ज्या बैठकीत बोललात त्याच बैठकीत मागावी. केबिनमध्ये बोलावून मागितलेली माफी बाकीच्यांना दिसत नाही, आणि गप्प तर सगळेच बसले आहेत.

---

गाळा_सतरा

मॅडम, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो आहे. भोसरीत माझा जस्ताच्या प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे आणि आपल्यासारख्याच चार-पाच कारखान्यांचा माल माझ्याकडे जॉब वर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून परत देण्यासाठी, येतो. आपण ‘प्लेटिंगला गेलेल्या मालाचा न लागणारा पत्ता’ असे लिहिलेत, ते वाचून हसू आले, कारण आमच्याकडे त्याचेच नाव ‘पार्टीच्या शेड्यूलचा न लागणारा पत्ता’ असे आहे.

एक उदाहरण देतो. माझ्या एका ग्राहकाला वाहन कंपनीकडून येणारी मागणी आठवड्याला चार हजार नगांच्या आसपास असते. फार तर दोनशे वर, दोनशे खाली. परंतु माझ्याकडे त्याच नगाचे शेड्यूल एका आठवड्यात साडेसहा हजारांचे येते, पुढच्या आठवड्यात अठराशेचे, आणि तिसऱ्या आठवड्यात बुधवारी रात्री फोन येतो की उद्या सकाळी नऊला दोन हजार नग हवेतच. मधल्या मधल्या प्रत्येक माणसाने थोडे स्वतःच्या सोयीचे आणि थोडे भीतीचे नग वाढवलेले किंवा कापलेले असतात. जे. फॉरेस्टर यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ सालीच हे दाखवून दिले होते आणि पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला मुलांच्या डायपरच्या मागणीत तेच आढळले: बाळे रोज तेवढीच असतात, दुकानातली विक्रीही जवळजवळ सारखी असते, आणि कच्च्या मालाच्या ऑर्डरी मात्र उड्या मारतात. आसुडाची मूठ हातभर हलते आणि टोक मात्र कडाडते, तसे हे आहे. त्या टोकावर मी उभा असतो.

आता त्या ‘उद्या सकाळी नऊ’ची किंमत पाहा. जिगला (टांगण्याच्या सांगाड्याला) ब्रॅकेट टांगून ते टाकीत सोडायचे तर जिग पूर्ण भरलेला असावा लागतो. दोन हजार नगांसाठी मी दुसऱ्याचा लॉट अर्धवट काढून ठेवतो, त्याचा माल उशिरा जातो, तो मला डेबिट नोट लावतो, म्हणजे माझ्या बिलातून पैसे कापतो. आणि ज्या आठवड्यात साडेसहा हजार पाठवले, त्यातील निम्मे आपल्याच स्टोअरमध्ये पडून राहतात. पावसाळ्यात त्यांच्यावर पांढरा गंज चढतो आणि तो माल ‘प्लेटिंगचा दोष’ म्हणून माझ्याकडे परत येतो. यात सुधारणेचे कार्ड मी कोणाच्या फळ्यावर लावू?

साधीशी गोष्ट म्हणजे सुट्टी. माझ्याकडे वर्षानुवर्षे गुरुवारी सुट्टी असते, कारण आमच्या भागात त्या दिवशी वीज बंद ठेवून देखभालीची कामे होतात. माझ्या दोन ग्राहकांची सुट्टी रविवारी असते. म्हणजे सात दिवसांत आम्हा दोघांचे एकत्र कामाचे दिवस पाच उरतात. तरी त्यांच्या संगणकात माझा ‘लीड टाइम’ (माल तयार होऊन परत यायला लागणारा वेळ) तीन दिवस असा एकच आकडा वर्षानुवर्षे बसलेला आहे, बुधवारी माल पाठवला काय आणि शुक्रवारी पाठवला काय. हे मी त्यांच्या परचेसच्या तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितले. तिघेही नोकरी सोडून गेले.

आणि पैशांचे लिहिल्याशिवाय राहवत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत चुकवणाऱ्या ग्राहकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात वजा करता येत नाही. त्यानंतर काहींचे पैसे वेळेवर येऊ लागले, हे मान्य करतो. पण ज्याचे बिल तीन महिने अडकते, त्याला नवीन जिग बनवून घ्या, ट्रॉल्या बदला, कायझेन करा असे सांगणारे पत्र येते तेव्हा तो ते पत्र कुठे ठेवतो हे विचारू नये.

आपण प्रमुख म्हणून एकच केलेत तरी पुरे: पुढच्या दोन आठवड्यांचे शेड्यूल एकदा दिले की ते गोठवायचे. त्यात बदल हवा असेल तर त्यावर आपली स्वतःची सही लागेल असे जाहीर करा. महिनाभरात बदल निम्म्यावर येतील, कारण सही मागायला कोणाला आवडत नाही.

---

आकडेमोड

वरील दोन्ही मतांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीबद्दल सावध करावेसे वाटते. मी नऊ वर्षे पीपीसीत होतो आणि सध्या नियोजनाच्या संगणकप्रणालीवर काम करतो. प्रमुख मनाने कितीही बदलला तरी वरून ‘कायझेन किती?’ हाच आकडा विचारला जात असेल, तर लोक आकडाच पुरवतील. त्यामुळे संचालकांसमोर ठेवण्याचे आकडे बदलणे हेही आपलेच काम आहे, आणि ते काम फळ्याच्या आधी व्हायला हवे होते.

मला तीन आकडे पुरेसे वाटतात. पहिला म्हणजे वेळेवर आणि पूर्ण पुरवठ्याची टक्केवारी, पण ती कोणत्या तारखेवर मोजता हे आधी तपासा. अनेक कारखान्यांत माल उशिरा होणार असे दिसले की ग्राहकाला फोन करून तारीख पुढे ढकलली जाते, प्रणालीत नवी तारीख भरली जाते आणि माल त्या नव्या तारखेला गेला की तो ‘वेळेवर’ धरला जातो. मी स्वतः अशा नव्या तारखा भरलेल्या आहेत. पहिल्यांदा कबूल केलेल्या तारखेवर हिशेब केला की खरा चेहरा दिसतो, आणि तो पाहून पहिल्या महिन्यात कोणाचीही झोप उडू शकते. संचालकांना त्याची आगाऊ कल्पना द्यावी.

दुसरा आकडा म्हणजे माल साखळीत किती दिवस पडून असतो. यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे, आणि तो इतका साधा आहे की आपण त्याकडे दुर्लक्ष करतो: आत असलेल्या एकूण नगांना रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागले की एका नगाला आत सरासरी किती दिवस लागतात ते मिळते. समजा एका ब्रॅकेटचे सर्व टप्प्यांवर मिळून, प्लेटिंगवाल्याकडचे धरून, ९,६०० नग आहेत आणि रोज ८०० नग ग्राहकाकडे जातात. म्हणजे आज आत शिरलेला पत्रा ब्रॅकेट होऊन बारा दिवसांनी बाहेर पडेल. त्या बारा दिवसांत त्याच्यावर प्रत्यक्ष काम होते ते काही तासांचे. उरलेला सगळा वेळ तो वाट पाहत असतो: क्रेनची, तपासणीची, चलनाची (मालासोबत जाणाऱ्या कागदाची), टेम्पो भरण्याची. आपले कायझेन त्या काही तासांवर चालले आहे, आणि वाट पाहण्याचे दिवस कोणाच्याच विभागात मोजले जात नाहीत, कारण ते दोन विभागांच्या मधल्या जागेत घडतात. आपल्या एकशे चाळीस कार्डांत त्यांचा उल्लेख का नाही, याचे माझ्या मते हेही कारण आहे. माणसे घाबरली हे खरे, पण शिवाय त्या मधल्या जागेला मालकच नव्हता. आता चारही विभाग आपल्याकडे आहेत, म्हणजे ती जागा आपली आहे.

तिसरा आकडा स्पेशल गाड्यांचा खर्च. तो लपवता येत नाही, कारण त्याचे बिल येते. प्रत्येक स्पेशल गाडीमागे ती का लागली याची एक ओळ लिहिली तर दोन महिन्यांत सुधारणेची यादी आपोआप तयार होते.

जुना_भांडारी यांच्या तीन दिवसांच्या नियमाला माझा विरोध नाही, पण ‘प्रमुखाने शॉप फ्लोअरवर जावे’ हा सल्ला यापुढे कोणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. आमचे एक साहेब रोज फेरी मारत. ते आले की शिट्टी वाजायची आणि सगळे झाडू घेऊन उभे. दोन वर्षे रोज फेरी मारूनही त्यांना कारखाना दिसला नाही. जायचे असेल तर एखाद्या विभागात जाऊ नये, एका मालाच्या मागे जावे. एक ट्रॉली निवडा आणि ती गेटातून आत आल्यापासून गाडीत चढेपर्यंत तिच्यासोबत राहा, ती थांबेल तिथे थांबा.

---

तळेगाव_चौक

मी वाहतुकीच्या धंद्यात आहे, चाकण-शिक्रापूर रस्त्यावर माझ्या सहा गाड्या धावतात. वर सगळ्यांनी मोठे लिहिले आहे, मी थोडक्यात लिहितो. तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात गाडी अडकली की सगळे रस्त्याला शिव्या देतात, आणि रस्ता शिव्या देण्यासारखा आहेच. पण माझ्या चालकांच्या वहीत नोंद आहे, त्यानुसार गाडी रस्त्यावर जितका वेळ अडकते त्यापेक्षा जास्त वेळ ती कारखान्यांच्या गेटवर आणि माल उतरवण्याच्या धक्क्यावर उभी असते. सगळे पुरवठादार सकाळी दहा ते बारामध्येच माल पाठवतात आणि आत माल उतरवायला फोर्कलिफ्ट एक. दोन वाजता तो धक्का मोकळा पडलेला असतो. गाड्यांना वेळा वाटून द्या. रस्ता रुंद होण्याची वाट पाहण्यापेक्षा ते लवकर होईल.

---

जुना_भांडारी

आकडेमोड यांचे फेरीबद्दलचे म्हणणे मान्य. शिट्टी आमच्याकडेही होती.

गाळा_सतरा यांनी लिहिलेले वाचून १ फेब्रुवारी १९९७ ची आयसिनची आग आठवली. जपानमध्ये करिया येथे आयसिन या पुरवठादाराचा कारखाना जळाला. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांच्या ब्रेकला लागणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तिथेच बनत असे आणि टोयोटाकडे त्याचा साठा फारच थोडा होता. जपानमधील टोयोटाचे बहुतेक कारखाने बंद पडले. कमी साठ्यावर चालणाऱ्या पद्धतीचा हा पराभव, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. परंतु आठवड्याभरात उत्पादन बरेचसे पूर्ववत झाले, कारण दोनशेच्या आसपास कंपन्या तो व्हॉल्व्ह बनवायला धावल्या. त्यांत शिवणयंत्रे बनवणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती, जिने असला भाग पूर्वी केलेला नव्हता. किंमत किती, पैसे कधी, याची बोलणी बहुतेकांनी नंतर केली. ज्या ग्राहकाने आधीची कित्येक वर्षे पुरवठादाराच्या गाळ्यात जाऊन त्याच्यासोबत अडचणी सोडवल्या आहेत, त्याच्यासाठीच लोक असे धावतात. गाळा_सतरा, आपल्या त्या बुधवारच्या रात्रीच्या ग्राहकाकडे उद्या आग लागली तर आपण काय कराल, हे इथे लिहू नका.

---

गाळा_सतरा

नाही लिहीत. मोबाइल सायलेंटवर असतो, इतकेच सांगतो.

---

इंद्रायणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिले नाही, कारण आधी काहीतरी करून मगच लिहावे असे ठरवले होते. आज पाच आठवडे झाले.

माफी मागितली, त्याच बैठकीत, त्याच वेळी. सुपरवायझर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. दोन दिवसांनी मात्र त्यांनी पीपीसीने संध्याकाळी बदललेल्या प्लॅनच्या सहा महिन्यांच्या नोंदींची वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती ते स्वतःसाठी लिहीत होते.

जुन्या कार्डांपैकी त्रेपन्न कार्डांना कोणतेही उत्तर मिळालेले नव्हते. ती सर्व मी मागे दोन ओळी लिहून परत लावली. एकवीस कार्डांवर ‘नाही’ आणि त्याचे कारण. एका मुलाने ‘नाही’वर वाद घातला आणि त्याचे बरोबर निघाले.

आकडेमोड यांच्या सांगण्यावरून एका ट्रॉलीच्या मागे गेले. चोवीस बिनांची ती ट्रॉली वेल्डिंगवरून सकाळी साडेदहाला निघाली. तपासणीसाठी ती पावणेदोन तास उभी राहिली, कारण गेज (माप तपासण्याचे साधन) दुसऱ्या लाइनवर होता. मग ती गेटजवळ आली आणि तिथे चलनासाठी थांबली. जॉब वर्कच्या चलनावर स्टोअरच्या ज्या बाबूंची सही लागते ते दुपारी साडेतीननंतर एकत्र सह्या करतात. का, असे विचारले तर म्हणाले की पूर्वीच्या साहेबांनी तसे सांगितले होते. कधी, असे विचारले तर म्हणाले, जीएसटी आला तेव्हा. म्हणजे २०१७ पासून रोज दुपारपर्यंतचा माल साडेतीनची वाट पाहत उभा राहतो, आणि भोसरीचा टेम्पो मोशीच्या संध्याकाळच्या गर्दीत सापडून प्लेटिंगवाल्याकडे त्याचा धक्का बंद झाल्यावर पोहोचतो. जॉब वर्कचा माल परत यायला कायदा एक वर्षाची मुदत देतो. आम्ही ती सगळी वापरायचे ठरवल्यासारखे वागत होतो. आता सही अकरा, एक आणि साडेतीनला होते. यासाठी एक रुपयाही लागला नाही, आणि एकशे चाळीस कार्डांत हे नव्हते.

शेड्यूल गोठवण्याचा प्रयोग मात्र निम्माच जमला. दोन आठवडे गोठवणे आम्हाला शक्य झाले नाही, कारण आमचे ग्राहकच आम्हाला तेवढी खात्री देत नाहीत. सहा दिवसांवर तडजोड केली. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे सहीसाठी चौदा बदल आले, गेल्या आठवड्यात पाच. त्या पाचांपैकी दोन मी स्वतःच घाबरून मंजूर केले आणि नंतर लक्षात आले की गरज नव्हती.

मूळ तारखेवर काढलेली पुरवठ्याची टक्केवारी संचालकांना दाखवली. ती आधीच्या आकड्यापेक्षा एकोणीस अंकांनी खाली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले, “हा आकडा ग्राहकाला माहीत आहे का?” मी म्हणाले, त्यांना पहिल्यापासून माहीत आहे, आपल्यालाच नव्हता. पुढच्या बैठकीत कायझेनची संख्या त्यांनी विचारली नाही; त्याऐवजी स्पेशल गाड्यांची यादी मागितली आणि तिच्यातील तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. ती ओळ परचेसच्या चुकीची होती, म्हणजे माझ्याच.

तळेगाव_चौक, गाड्यांच्या वेळा वाटण्याचे काम अजून सुरू व्हायचे आहे. चार पुरवठादार दुपारची वेळ घ्यायला तयार आहेत, पण त्यांपैकी दोघांचा प्रश्न असा आहे की दुपारी आलेल्या मालाची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) त्याच दिवशी होणार का, नाहीतर त्यांचे पैशांचे दिवस एक दिवसाने पुढे सरकतील. स्टोअरमध्ये ती नोंद चार वाजता बंद होते.

गाळा_सतरा यांच्या गुरुवारबद्दल आमच्या फळ्यावर काल एक कार्ड लागले. रात्रपाळीच्या हेल्परने लिहिले आहे: ‘प्लेटिंगवाल्याला गुरुवारी सुट्टी असते तर बुधवारी रात्री दहापर्यंत आपले गेट माल घ्यायला उघडे ठेवता येईल का? मी थांबतो.’ हे कार्ड मी सुरक्षा विभागाकडे नेले. त्यांचे म्हणणे असे की रात्री आठनंतर बाहेरची गाडी आत घ्यायची तर कारखाना व्यवस्थापकांची परवानगी लागते. ती मागणारा मेल आज सकाळी पाठवला आहे. कार्डाच्या मागे तेवढेच लिहिले आहे, तारखेसह. तीन दिवस शुक्रवारी पूर्ण होतात.